बुधवारचा उपास

आजारी माणसाला भेटायला जाताना लोक सफरचंदं नेतात. आमच्या बाई तांदूळ नेत. हातसडीचे, तांबूस, कोंडा न काढलेले, धुतलेल्या फडक्यात बांधलेले. एकदा आमचे हेडमास्तर काविळीने अंथरुणाला खिळले, तेव्हा बाई सायकल दामटत त्यांच्या घरी गेल्या आणि उशाशी ती पुरचुंडी ठेवून दिली. हेडमास्तरांच्या बायकोने गाठ सोडून पाहिली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. उशाशी तांदूळ ठेवायचे ते माणूस गेल्यावर, जिवंतपणी नव्हे. बाईंना त्याचं काहीच नव्हतं. "ह्याची पातळ पेज करून द्या," त्या म्हणाल्या, "आणि ती सफरचंदं मुलांना वाटून टाका. सफरचंद म्हणजे भाव खाणारं पाणी." हेडमास्तर बरे झाले. पेज प्यायल्याने बरे झाले, की बायकोने ते तांदूळ त्याच संध्याकाळी कोंबड्यांना टाकले म्हणून बरे झाले, यावर शाळेत बरेच दिवस दोन तट होते.

बाई आम्हाला गृहशास्त्र आणि विज्ञान शिकवत. नागपूरच्या होत्या, तालुक्याच्या आमच्या शाळेत बदलून आल्या आणि इथेच राहिल्या. उंच, काटकुळ्या, पातळाचा पदर कमरेला खोचलेला. खांद्याला एक कापडी पिशवी असायची आणि तिच्यात एक छोटा पितळी तराजू, सोनाराकडे असतो तसला. त्या काळी आमच्या भागात बाईमाणूस सायकलवर दिसलं की पोरं मागे धावायची. ह्यांच्या मागे "तराजूबाई, तराजूबाई" ओरडत धावायची. बाई थांबून त्यांना विचारायच्या, "सकाळी काय खाल्लंस?" पोरं पळून जायची. पोरांना पळवायला याहून चांगला उपाय मी पुढे कुठे पाहिला नाही.

कुणाच्याही घरी गेल्या, की पाणी पिऊन झाल्यावर त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा. "धान्य की फळ?" समोरचा गोंधळायचा. मग त्या सुरू व्हायच्या. केळं आणि ज्वारी, पेरू आणि बाजरी, बोर आणि कोदो. वर्गात तर कुस्तीच लावायच्या. आम्ही निम्म्या पोरी पेरूच्या बाजूने, निम्म्या ज्वारीच्या. शेवटी तराजू आणि भिंतीवरचा तो अन्नघटकांचा तक्ता निकाल द्यायचे. बाईंचा फळांवर राग होता असं नाही. पेरूला आणि आवळ्याला त्या मान देत. पण आंब्याचं नाव काढलं की म्हणत, "आंबा म्हणजे घरी आलेला पाहुणा. येतो, लाड करून घेतो, जातो. धान्य म्हणजे घरातली सून. तिचं कौतुक कुणी करत नाही, पण ती एक दिवस माहेरी गेली की कळतं."

हे सगळं लोक हसून सोडून देत. हसण्यावारी जात नव्हतं ते एकच. बाईंना उपासांचा मनापासून तिटकारा होता.

"पोटाला पंचांग नसतं," हे त्यांचं पेटंट वाक्य. महिला मंडळात म्हणायच्या, पालकांच्या सभेत म्हणायच्या, एकदा तर सत्यनारायणाच्या प्रसादाला बोलावलं होतं तिथेही म्हणाल्या. त्या स्वतः कधीच उपास करत नसत, एकादशीला मुद्दाम शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर भात खात. आम्हाला त्यांनी कारण एकदाच सांगितलं, तेही हात धुता धुता, पाठमोऱ्या उभ्या राहून. त्यांची आई ऐन तारुण्यात विधवा झाली. घरच्यांनी तिला आठवड्याचे वार वाटून दिले, हा ह्या देवाचा, तो त्या देवाचा. "शेवटी तिला जेवायला वारच उरला नाही," बाई म्हणाल्या. "मी तेव्हाच ठरवलं, आपण मरेपर्यंत एकही उपास करायचा नाही." मग पदराला हात पुसून त्यांनी आम्हाला डाळीचे प्रकार विचारले.

आता माझं सांगते. हे सांगायला मला आजही जड जातं, आणि म्हणूनच बाईंचं चित्र पुरं करायचं तर ते टाळता येत नाही.

आम्ही तलावावरची माणसं. एकोडीकडे जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला एक मोठा तलाव आहे, त्याच्या मातीच्या पाळीखाली आमची वस्ती. बाबा तलावात मासे धरत आणि पावसाळ्यात शिंगाड्याचे वेल लावत. चहूकडे धानाची बांधी, पण त्यातली वितभरही आमची नव्हती. माय रोवणीला आणि कापणीला दुसऱ्यांच्या बांधीत जायची, मजुरीचे धान मिळायचे, ते ढोलीत भरून ठेवायचे. ढोली म्हणजे बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली मोठी कणगी. ती आश्विनापर्यंत कशीबशी पुरायची. नवीन भारी, म्हणजे उशिरा पिकणारे, धान कापायला दिवाळी उलटायची. मधल्या दिवसांत घरात तांदळाचा दाणा नसायचा. पण नेमके तेच दिवस शिंगाड्याचे. बाबा डोंग्यात बसून तोडायचे. भरलेले, टपोरे शिंगाडे बाजाराला जायचे. चिंबलेले, बारके, राठ झालेले घरी राहायचे. माय ते मोठ्या गंजात उकडायची. सकाळी तेच, रात्री तेच. आमची बोटं काळी पडायची.

धाकट्या बहिणीने एकदा भातासाठी भोकाड पसरलं, तेव्हा मायने तिला सांगितलं, "आपला उपास आये वो बाई. ह्या महिन्यात उपास केला का देव पावते." बहिणीला ते पटलं. ती वस्तीभर सांगत सुटली, आमच्या घरी सगळ्यायचा उपास आये म्हणून. मी मोठी. मला खरं माहीत होतं. पण मायचं ते वाक्य मी उचललं आणि शाळेत नेलं.

शाळेत दुपारच्या सुट्टीत पोरी गोल करून बसायच्या. डबे उघडायचे. भात, वरण, वांग्याची भाजी, सोमवारी शुक्रवारी कुणाकुणाकडे उपासाचं. कापडाच्या दुकानवाल्याची मुलगी माझ्या शेजारी बसायची. तिच्या उपासाच्या डब्यात शिंगाड्याच्या पिठाचा शिरा असायचा, तूप सुटलेला, वर काजू. माझ्या डब्यात उकडलेले शिंगाडे. तिने पहिल्या दिवशी विचारलं, "तुहा आज उपास आये का वो?" मी हो म्हटलं. इतकं सोपं होतं ते. तिचा शिंगाडा आणि माझा शिंगाडा एकाच तलावातला. हो म्हटल्याबरोबर आम्ही दोघी सारख्या झालो.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "आज काहून? आज त मंगरवार." मी म्हटलं, गणपतीचा. मग गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शुक्रवारी तेव्हा नुकती आमच्याकडे आलेली संतोषी माता धरली, तर कुणीतरी म्हणालं, "तिले गूळ-चणे लागते वो, शिंगाडा नाही चालत." मी घाबरून म्हटलं, आमच्या इकडची वेगळी आहे. बुधवारी मात्र मला देव सापडेना. बुधवारी मी डबा उघडतच नसे. डोकं दुखतं म्हणून वर्गात बसून राहायची. हळूहळू शाळेत माझं नाव झालं. पोरी मला मान देऊ लागल्या. परीक्षेला जाताना एकीने चक्क माझ्या पाया पडून घेतलं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण पायही मी मागे घेतला नाही.

हे बाईंच्या कानावर न जातं तरच नवल.

दिवाळीच्या सुट्टीआधी असेल, गुरुवार होता. बाई वर्गात आल्या त्या हसत. तराजू टेबलावर मांडला, एका पारड्यात तांदूळ ओतले, दुसऱ्यात वाळवलेल्या शिंगाड्याचे तुकडे. दोन्ही सारखे केले. मग पट्टी घेऊन तक्त्याशी गेल्या.

"हे धान्य, हे फळ. वजन सारखं. आता वाचा. पिठूळ भाग? जवळजवळ तेवढाच. प्रथिनं? शिंगाड्यात उलट जास्तीच. मग एकाने उपास मोडतो आणि दुसऱ्याने पुण्य लागतं, हे कसं?"

"शिंगाडा फळ आहे बाई," दुकानवाल्याची मुलगी म्हणाली. "फळ चालते. पाण्यातलं असते नं ते."

"आणि धान काय वाळवंटात होतो? बांधीत गुडघाभर पाणी असतं की!" वर्ग हसला. बाईंना हुरूप आला. त्या रंगल्या की त्यांचे डोळे बारीक व्हायचे. "आपल्या वर्गात तर एक मोठी तपस्वी आहे म्हणे. ये गं. डबा घेऊन ये."

मी उठले. डबा घेऊन गेले. बाईंनी झाकण उघडलं, तांदूळ आणि वाळलेले तुकडे काढून ठेवले आणि माझे शिंगाडे पारड्यात टाकले. बारके, काळे, एक चिंबलेला. वर्गातल्या सगळ्या पोरी माना उंचावून बघत होत्या. तो चिंबलेला शिंगाडा मला अजून दिसतो. असं वाटलं, माझा परकरच कुणीतरी पारड्यात टाकला आहे.

"पाहा," बाई म्हणाल्या, "ही पोरगी एवढे शिंगाडे रोज पोटभर खाते आणि सांगते, मी उपाशी आहे! अगं, हे तर जेवण झालं. देवाला काय इतका भोळा समजलीस?" वर्ग खो-खो हसत होता. आता वाटतं, त्यात दुष्टपणा काहीच नव्हता. बाईंना माझी कीव होती, माझ्या डोक्यातलं खूळ त्यांना काढायचं होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या डब्यात भात आणायचा. इथे, आमच्या सगळ्यांसमोर खायचा. बघू कोणता देव जाब विचारायला येतो ते. आणशील ना?"

मी मान हलवली. आणीन म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

घरी जाऊन मी मायला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती कुणाच्या तरी दारात वाटी घेऊन उभी राहिली असती, आणि तो भात मला सगळ्यांसमोर खावा लागला असता. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, शाळा नको. बाबांनाही हाताशी माणूस हवंच होतं. मी डोंग्यात बसले. पाण्यात हात घालून वेल उलटायचा, खालून शिंगाडा खुडायचा. काटे बोटांत जायचे. मला बरं वाटायचं. पाण्यावर कुणी वार विचारत नाही. शाळा सुटली तर सुटली, असं मी मनाशी धरूनच टाकलं होतं. वस्तीतल्या कोणत्या मुलीची सुटली नव्हती?

पुढच्या आठवड्यात, भरदुपारी, पाळीवरून घंटी वाजली. बघते तर बाई. सायकल हातात धरून पाळ उतरत होत्या, पिशवी खांद्याला. आमच्या वस्तीत सायकलवरून बाई आल्याचं कळताच पोरं जमली. मी घरात जाऊन दाराआड उभी राहिले.

मायने घाईघाईने पडवीत चुलीशेजारी बाज टाकली, तिच्यावर गोधडी टाकली. "बसा जी, बाई. तुमी एवढ्या उनात कायले आल्या?"

बाई बसल्या आणि पाणी पिऊन झाल्याबरोबर सुरू झाल्या. ह्या वेळी "धान्य की फळ" नाही, थेट मुद्द्यालाच हात घातला. "तुम्ही पोरीला एवढे उपास करायला लावता, हे बरोबर आहे का? वाढीचं वय आहे तिचं. हुशार आहे. तिला मी भात आण म्हटलं तर ती शाळाच सोडून बसली. इतकी भीती घालून ठेवलीत तुम्ही देवाची? माझ्या आईचं काय झालं ते मला माहीत आहे. अहो, मोठ्या माणसांनी करायचे ते करा, पण लेकरांना तरी पोटभर भात घाला!"

माय पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. तिने एकदाही वर पाहिलं नाही. मला दाराआडून तिची फक्त मान दिसत होती. तिने कधी कुणाच्या बोलण्याला इतका वेळ उत्तर न देता ऐकून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. माझी माय वस्तीतली तोंडाळ बाई म्हणून प्रसिद्ध होती.

शेवटी ती हळूच म्हणाली, "आमच्याइथं उपास आये जी."

"सगळ्यांचा?"

"होय जी. सगळ्यायचा."

तेवढ्यात धाकटी बहीण पुढे झाली. तिला वाटलं, बाई कौतुकच करून राहिल्या आहेत. "आमचा त रोजच उपास ऱ्हायते, बाई," ती छाती काढून म्हणाली. "भात होईपर्यंत. मंग देव पावते."

बाई हसायच्या बेतात होत्या. तसंच त्यांचं तोंड राहिलं. त्यांची नजर तिच्यावरून चुलीवर गेली, गंजात शिंगाडे रटरटत होते. चुलीवरून कोपऱ्यात गेली. तिथे आमची ढोली आडवी पडली होती, आणि तिच्यात कोंबडी अंड्यावर बसली होती.

बाईंनी त्या कोंबडीवरून नजर काढली नाही. त्यांचा चेहरा पार उतरला. वर्गात कधी खाली न येणारी ती मान खाली गेली, आणि त्यांनी मांडीवरची पिशवी हळूच उचलून बाजेखाली सरकवली. आत तराजू खणकन वाजला. त्या आवाजाने त्या दचकल्या.

आमच्याकडे आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. माय चुळबुळत होती. पाहुण्यापुढे शिंगाडा कसा ठेवायचा आणि न ठेवता कसं जाऊ द्यायचं, हे तिला कळत नव्हतं. "बाई, तुमाले जेवाले…" ती म्हणाली आणि थांबली.

"आज वार कोणता?" बाईंनी विचारलं.

"बुधवार जी."

"बुधवार," बाई म्हणाल्या. "हो की. मग माझाही उपास आहे."

मायने वर पाहिलं. "बुधवारचा कोणता जी?"

बाईंना देव आठवेना. मलाही कधी सापडला नव्हता. त्या म्हणाल्या, "माझ्या आईचा. ती करायची. तुमच्याकडे जे असेल ते वाढा."

मायने पितळी घासून पुसून आणली, त्यातल्या त्यात मोठे शिंगाडे निवडून वाढले. तक्त्यावर शिंगाड्याचं सगळं ठाऊक असणाऱ्या बाईंना तो सोलता येत नव्हता. त्यांनी सरळ दातांनी चावला आणि शिंग त्यांच्या ओठाला टोचलं. मी दाराआडून बाहेर आले, विळ्याने एकेक कापून त्यांच्या पितळीत टाकू लागले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. सगळे संपवून त्या उठल्या, जाताना फक्त म्हणाल्या, "उद्या ये. भात आणायचा नाही."

मी गेले. दुपारच्या सुट्टीत पोरींनी गोल केला आणि बाई डबा घेऊन आमच्यात येऊन बसल्या. असं कधी झालं नव्हतं. त्यांनी डबा उघडला. उकडलेले शिंगाडे.

"बाई, तुमचा उपास?" दुकानवाल्याची मुलगी जवळजवळ किंचाळली.

"हो," बाई म्हणाल्या. "हे दोन महिने मी धरले आहेत."

ह्या बातमीने तालुका हलला. पोटाला पंचांग नसतं म्हणणारी तराजूबाई उपास करायला लागली! शिक्षकांच्या खोलीत तर रोज नवी थट्टा. हेडमास्तर म्हणाले, "शेवटी देवाने ओढलंच तुम्हाला." बाई म्हणाल्या, "हो, ओढलं." नुसतं एवढंच. ज्या बाईशी वाद घालायला लोक घाबरत, त्या मान खाली घालून ऐकून घेत. एका गावच्या महिला मंडळाने त्यांना उपास-तापासांवर बोलायला बोलावलं, तर त्यांनी नाही कळवलं. "मीच उपास करते, मी कोणत्या तोंडाने बोलू?" म्हणाल्या. तक्ता भिंतीवर राहिला, पण त्यांनी शिंगाड्याचं नाव पुन्हा वर्गात काढलं नाही. दर वर्षी आश्विन लागला की त्यांचा डबा बदलायचा, आणि नवीन धान आले की परत भातावर यायचा. आमच्या घरी नवा भात शिजला की मी आपली डब्यात नेत असे. बाई माझ्या डब्याकडे एकदा बघत, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचाही उपास सुटे. हे फक्त आम्हा दोघींना माहीत.

वाचणाऱ्याला वाटेल, मला किती बरं वाटलं असेल. नाही वाटलं. मला बाईंचा राग यायचा. त्यांचा तो डबा उघडला की माझी ढोली सगळ्यांसमोर उघडी पडली असं वाटायचं. त्यांनी दया दाखवायला नको होती, त्यांनी विसरायला हवं होतं. आणि त्या विसरत नव्हत्या. मी त्यांच्याकडे पाठ करून जेवायची.

पुढे मी नर्सचं शिक्षण घेतलं, मोहाडीकडे आरोग्य केंद्रावर लागले. तिथेही भिंतीवर तसलाच तक्ता होता. गरोदर बाया यायच्या, त्यांना काय खा, काय खाऊ नका हे सांगायचं काम माझं. कुणी म्हणाली, "उपास आये जी," की मी कधी चिडले नाही. मी विचारायची, "ढोलीत धान आये का?" बरोबरच्या सिस्टर हसायच्या. प्रश्न विचित्रच होता म्हणा.

बाई निवृत्त झाल्या त्याचं बोलावणं आलं, तेव्हा मी दहा वेळा नको म्हणून शेवटी गेले. शाळेच्या पटांगणात मंडप होता. हार, नारळ, भाषणं. दुकानवाल्याची मुलगी आता मोठ्या घरची सून झाली होती, ती माजी विद्यार्थिनींतर्फे बोलायला उठली. छान बोलली. तराजू, सायकल, पेरू आणि ज्वारी, सगळं. मग म्हणाली, "पण बाईंचं खरं मोठेपण म्हणजे, ज्यांनी आयुष्यभर देवाला तराजूत तोललं, त्यांना शेवटी देवाने जवळ केलं. आणि ते कुणामुळे? आपल्या शाळेची पहिली तपस्वी इथे बसली आहे तिच्यामुळे!" तिने माझ्याकडे हात केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पंचवीस-तीस वर्षांच्या बायका वळून वळून माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या.

मी हात जोडले. व्यासपीठावर बाई हाराखाली मान घालून बसल्या होत्या, अगदी आमच्या बाजेवर बसल्या होत्या तशा. उठून एक वाक्य बोलावं, एवढंच करायचं होतं. मला उठता आलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर बाईंची ट्रंक घेऊन मी साकोलीच्या बसस्टँडवर गेले. त्या कायमच्या नागपूरला चालल्या होत्या. सायकल त्यांनी शाळेच्या शिपायाला देऊन टाकली होती. आम्ही बाकावर बसलो. नागपूर गाडीला वेळ होता.

"बाई, तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?" मी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"काय सांगायचं? ते माझं नव्हतंच." त्यांनी ट्रंक पायाशी ओढून घेतली. "तक्ता खोटा नव्हता गं. तांदूळ आणि शिंगाडा, कुणी कुणाहून कमी नाही. आजही मी तेच सांगेन. पण तुझा डबा मी त्यात टाकायला नको होता. पोरी हसल्या, ते हसणं मला अजून ऐकू येतं. त्यांना मीच हसवलं होतं. लाज वाटते मला. आईच्या नावाने मी एवढी बडबड केली, आणि उपाशी लेकरू समोर उभं राहिलं तर ओळखलं नाही."

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी नुसती त्यांच्या बोटांकडे बघत होते. टोकं काळी होती. कार्तिकाचे दिवस होते.

फलाटाच्या कडेला एक म्हातारी टोपलं घेऊन बसली होती. उकडलेले शिंगाडे, वर ओलं फडकं. बाईंना बघून तिने हाक मारली, "घ्या जी बाई, गरम आयेत." आम्ही तिच्यापाशी गेलो. तिने माप भरलं, कागदावर ओतलं आणि सवयीने विचारलं, "उपास आये का जी?"

हा प्रश्न बाईंनी दरसाल माझ्यासाठी झेलला होता. शिक्षकांच्या खोलीत, गावात, हेडमास्तरांपुढे. त्या तोंड उघडणार होत्या, मग थांबल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या.

"नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. शेजारी उभ्या असलेल्या दोघीचौघींनी वळून पाहिलं. "उपास नाही, मावशी. भूक लागली."

म्हातारीला त्यात काहीच नवल वाटलं नाही. तिने वरून आणखी एक मूठ टाकली.

बाईंनी कागद हातात घेतला. एक शिंगाडा निवडला, नखाने त्याचं शिंग मोडलं, साल काढलं. आता त्यांना सोलता येत होता. तो त्यांनी माझ्या हातावर ठेवला आणि दुसरा उचलला.

"मग मलाही लागली," त्या म्हणाल्या.